भुशातली ऊब

थंडी म्हणजे काय हे मनापासून कळलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो कुवेतमध्ये राहत होता. ते माझे आतोबा. ज्या गावात उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग धरायचं तर हाताला रुमाल गुंडाळावा लागतो, जिथे गार पाण्याचा नळ सोडला की कढत पाणी येतं आणि अंघोळीसाठी लोक बंद ठेवलेल्या गीझरमधलं निवलेलं पाणी वापरतात, त्या गावात बसून हा माणूस बारा महिने विचार करायचा तो माणसांना ऊब कशी मिळेल याचा. आणि पोटासाठी काय करायचा? एसी दुरुस्त करायचा. एका मोठ्या कंपनीत ते देखभालीचे इंजिनिअर होते. अख्खा दिवस लोकांची घरं गार करायची, संध्याकाळी फरवानियातल्या आपल्या फ्लॅटवर यायचं, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचा आणि म्हणायचं, "भाचेबाई, खरं शास्त्र गरम करण्यात आहे. गार काय, कुणीही करतं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुवेतला येऊन आठवडाही झाला नव्हता. अकाउंट्समधली नोकरी लागली होती, राहायची सोय व्हायची होती, म्हणून आत्याकडे उतरले होते. विमानतळावर घ्यायला आलेल्या आतोबांनी माझी बॅग उचलली, गाडीपाशी आले आणि मला आधी प्रवास कसा झाला हे न विचारता म्हणाले, "स्वेटर आणलास का?" बाहेर ऑगस्ट महिना भाजून काढत होता. मला वाटलं, गंमत करतायत. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं की ह्या विषयावर हा माणूस गंमत करत नाही.

बाकी सगळ्या विषयांवर मात्र करायचे. कुणाच्या घरी गेले की यजमानांच्या आधी ते एसीला भेटायचे. दारातच थांबून, मान तिरकी करून ऐकायचे. "ह्याचा कंप्रेसर धापा टाकतोय," असं जाहीर करायचे आणि मग चपला काढायचे. एकदा एका बँकवाल्यांच्या घरी त्यांच्या मुलीने, "अंकल, इट्स फाइन, इट्स न्यू," असं सांगून पाहिलं. आतोबा तिला म्हणाले, "बेटा, नवीन माणसालाही ताप येतो." जेवणं व्हायच्या आत तो एसी बंद पडला. त्या घरातले लोक त्यानंतर त्यांच्याकडे देवमाणसाकडे बघावं तसं बघायला लागले, आणि थोडं संशयानेही. यंत्रांशी ते हिंदीत बोलत. घरात मराठी, अरबाशी अरबी, पण पाना हातात घेतला की, "चल भाई, अब नखरे मत कर." मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "कारखान्यातून कुठल्याही देशाचं यंत्र निघू दे, इथे आलं की त्याला हिंदी शिकावीच लागते."

लाकडाच्या बाबतीत तर त्यांना धरबंध नव्हता. दिसेल त्या टेबलाला, दाराला, सोफ्याच्या हाताला ते बोटाने टकटक करून बघायचे. "हे लाकूड नाही. भुसा आणि गोंद," असं ज्याने नुकतंच हौसेने फर्निचर घेतलंय त्याच्या तोंडावर सांगायचे. मंडळाच्या गणपतीत आम्ही सगळे आरतीला टाळ्या वाजवत होतो आणि हे मखराच्या मागे जाऊन फळ्यांचा वास घेत होते. प्रसाद घेताना अध्यक्षांना म्हणाले, "विसर्जन झाल्यावर ह्या फळ्या कुणाला नको असतील तर मला सांगा. रंग दिलेल्या नकोत, कोऱ्या तेवढ्या." आत्याने कपाळाला हात लावला. तिचं कपाळ त्या सवयीने एका बाजूला थोडं चपटं झालंय असं आतोबाच म्हणत.

हा लाकडाचा नाद कुठून लागला ते सांगायला हवं, कारण तो हसण्यासारखा नाही.

कुवेतला थंडी पडते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण जानेवारीत वाळवंटातून वारा सुटला की हाडं वाजतात. घरं सगळी उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशा संगमरवरी, भिंती सिमेंटच्या, एकदा गार पडल्या की गारच. आमच्या इमारतीची राखण करायला एक म्हातारे इजिप्शियन गृहस्थ होते, अबू सालेह. अशा राखणदाराला इथे हारिस म्हणतात. जिन्याखालच्या एका खोलीत राहायचे आणि रोज पहाटे सगळ्यांच्या गाड्या धुवायचे. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी आतोबा कामाला निघाले आणि खाली जाऊन थबकले. त्यांची गाडी धुतलेली नव्हती. शेजारचीही नव्हती. दुसरा कुणी असता तर चिडला असता किंवा तसाच निघून गेला असता. आतोबांनी हातातला डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि सरळ जिन्याखालच्या दाराशी गेले. हाक मारली. उत्तर नाही. मग ह्या सडपातळ माणसाने खांद्याने ते दार तोडलं. आवाज ऐकून मी आणि आत्या धावत खाली आलो तेव्हा ते अबू सालेहना काखेत धरून अंगणात ओढत होते आणि ओरडत होते, "कुणी आत जाऊ नका! दार उघडं ठेवा!"

आत लोखंडी पाटीत कोळसे पेटवून म्हातारे झोपले होते. खिडकीच्या फटीत वारा येऊ नये म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या. ॲम्ब्युलन्स आली, म्हातारे वाचले, महिन्याभराने हिंडूफिरू लागले. पण त्या दिवशी आतोबा कामावर गेले नाहीत. सोफ्यावर बसून राहिले. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा एवढंच म्हणाले, "कोळसे विझले नव्हते गं. मस्त लाल होते. बघत राहावं असे सुंदर दिसत होते." आणि चहा तसाच ठेवला.

अबू सालेहना त्यांनी विजेचा हीटर आणून दिला आणि तो प्रश्न तिथे मिटला. पण आतोबांच्या डोक्यातून ते लाल कोळसे काही जाईनात. आणि मग अम्गरा आलं. शहराबाहेर भंगाराचं आणि इमारतींच्या सामानाचं जे अफाट आवार आहे तिथे ते सुटे भाग शोधायला जायचे. तिथल्या एका सुतारकामाच्या शेडमध्ये कुडाळकडचे पाचसहा मेस्त्री होते. कंत्राटावर आलेले, घरदार गावी, आणि राहायला शेडच्या मागे पत्र्याची एक केबिन. आतोबांनी त्या केबिनमध्ये डोकावून पाहिलं, तर कोपऱ्यात तेलाचा कापलेला डबा आणि त्यात कोळशाची राख. त्यांनी तिथल्या तिथे हीटर आणून लावला. हीटर लावताक्षणी पूर्ण आवाराची वीज गेली. ती तार बिचारी चार दिवे आणि एक पंखा एवढ्याच संसाराची होती.

"मग रात्री काय करता?" आतोबांनी विचारलं.

त्यांच्यातले थोरले दिनू मेस्त्री म्हणाले, "काय करतलव? कोळसो पेटवतंव. सकाळी उठलव तर उठलव." आणि सगळे हसले. आतोबा हसले नाहीत.

त्यानंतरची कहाणी एका माणसाने वेड लागणं म्हणजे काय ते घरच्यांना दाखवून दिलं त्याची आहे. अम्गराच्याच भंगारात त्यांना एक परदेशी शेगडी सापडली. कुणा श्रीमंताने समुद्रकाठच्या बंगल्यासाठी हौसेने मागवलेली आणि बिघडल्यावर फेकून दिलेली. ती कोळशावर चालत नाही, पातळ काचेचं दार असलेल्या त्या पेटीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या जळतात. आपल्याकडे गुरांना घालतात त्या गोळी पेंडीसारख्या. त्यांना पेलेट म्हणतात. वर टाकीत कांड्या भरायच्या, एक स्क्रू त्या थोड्या थोड्या करून खाली टाकतो, छोटा पंखा हवा देतो, आणि धूर नळीतून थेट बाहेर जातो. खोलीतली हवा खोलीतच राहते. वीज लागते ती दोन दिव्यांइतकी. आतोबा हे सगळं आम्हाला जेवताना सांगत होते आणि त्यांच्या डोळ्यांत जे काही होतं ते मी फक्त पहिल्यांदा नातू पाहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलंय. "आणि भुसा कुठे आहे? तर त्याच शेडमध्ये! रोज पोती भरून फेकून देतात. झाड पुन्हा उगवतं भाचेबाई. तेलाची विहीर उगवताना पाहिलीस कधी?" हे शेवटचं वाक्य ते नेहमी हळू आवाजात म्हणत. शेवटी राहायचं कुवेतमध्येच होतं.

एका जुन्या एसीचा पंखा बसवून त्यांनी शेगडी चालू केली. अडचण होती ती कांड्यांची. पहिल्या कांड्या आमच्या स्वयंपाकघरात झाल्या. आत्या बाजारात गेल्याचं बघून त्यांनी भुसा आणि मैदा भिजवला आणि तिच्या चकलीच्या सोऱ्यातून शेवेची जाळी लावून गाळला. ताटात वाळत ठेवलेली ती तांबूस शेव शेजारच्या काकांनी बोलता बोलता उचलून तोंडात टाकली. चावली. विचारात पडले. आणि सभ्य माणूस म्हणून म्हणाले, "जरा कमी तळलीय का?" आत्याला नंतर कळलं तेव्हा ती सोऱ्या हातात धरून बराच वेळ उभी होती. "ह्यातून माझ्या आईने चकल्या केल्यात हो," ती म्हणाली. आतोबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी नवा सोऱ्या आला, पण त्याच्यावरही पिशवीतच भुसा सांडलेला होता.

मग सुलैबियातल्या एका गोठ्यातून यंत्र आलं. तिथे दूधदुभत्याचे मोठे गोठे आहेत. एकाचं शीतगृह आतोबांनी भर उन्हाळ्यात वाचवलं होतं, त्या मालकाने पेंड दाबायचं जुनं यंत्र उपकाराची फेड म्हणून देऊन टाकलं. ते शेडमध्ये बसलं. पहिल्या दिवशी त्यातून निघालेल्या कांड्यांना जुन्या पेंडीतल्या काकवीचा असा वास होता की दिनू मेस्त्री हातात घेऊन म्हणाले, "ह्यां आमी जाळूचां की खावचां?" वास गेला तरी कांड्या टिकेनात. यंत्रातून बाहेर येताना ऐटदार दिसायच्या आणि बोटात धरल्या की पीठ. आतोबांनी सुट्टीचे कितीतरी शुक्रवार त्यात घातले. लाकूड तापलं आणि दाबलं गेलं की त्याच्यातलाच डिंक सुटतो आणि ते स्वतःला धरून ठेवतं, बाहेरून काही घालावं लागत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. "लाकूड धरून ठेवायला तयार आहे, माझंच काहीतरी चुकतंय," असं ते लाकडाची बाजू घेऊन बोलायचे.

तोडगा आत्याने काढला. एका शुक्रवारी डबा घेऊन ती माझ्याबरोबर शेडवर आली होती, यंत्राकडे पाठ करून बसली होती. मूठभर भुसा तिने सहज हातात घेतला आणि म्हणाली, "केवढा कोरडा आहे हा. इथल्या हवेत कपडेसुद्धा कडक होतात. मी इस्त्रीच्या आधी शिंपडते तेवढं पाणी शिंपडा की." आतोबा उठले, तिच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला टोच्याने भोकं पाडली आणि भुशावर पाणी शिंपडलं. त्या दिवशी निघालेल्या कांड्या चकचकीत होत्या, मोडताना कट् असा आवाज करत होत्या. आतोबांनी एक कांडी आत्याच्या हातात दिली. एखादा दागिना द्यावा तशी. ती म्हणाली, "आता हिचं काय करू?" पण पर्समध्ये ठेवली.

शेगडी केबिनमध्ये बसली, नळी पत्र्यातून बाहेर काढली, विषारी हवा जाणवली की किंचाळणारी एक डबी भिंतीवर लावली. आणि मेस्त्र्यांनी सांगितलं, नको. दिनू मेस्त्री मान खाली घालून बोलत होते. "सायबानु, तुमचो जीव आमच्यासाठी तुटता ता आमका कळता. पण कोळसो आमच्या ओळखीचो. ह्या पेटयेक आमी वळखनव नाय. रात्री झोपलव आणि सकाळी उठलव नाय तर? गावाक कोण सांगतलो?"

मला राग आला. आतोबांना आला नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आज मी इथेच झोपतो. तुमच्याबरोबर, दार लावून. मग ठरवा."

आत्याला हे फोनवर कळलं. पहाटे तिने मला उठवलं. ती तयार होऊन, शाल घेऊन बसली होती. आम्ही अम्गराला पोहोचलो तेव्हा उजाडत होतं आणि वारा असा होता की गाडीचं दार हातातून सुटत होतं. केबिनच्या नळीतून धूर दिसत नव्हता. आत्याने दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. तिचा हात दारावर तसाच राहिला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

मग कडी वाजली. दिनू मेस्त्री बनियनवर उभे होते, डोळे चोळत. दारातून उबेचा एक झोत आमच्या तोंडावर आला, पाइनच्या लाकडाचा मंद वास असलेला. आत सगळे गाढ झोपले होते, रजया पायाशी ढकलून दिलेल्या, काहीजण घोरत होते. जाळ इतका स्वच्छ होता की त्याला धूर उरलाच नव्हता. आणि आतोबा? ते एका उलट्या खोक्यावर ताठ बसले होते, भिंतीवरची डबी काढून मांडीवर घेतलेली, डोळे लाल. ते झोपलेच नव्हते. पत्रा रात्रभर वाऱ्याने वाजत होता, त्यात आमची थाप दाराशी झोपलेल्या दिनू मेस्त्र्यांनाच काय ती कळली होती.

"अहो, तुम्ही तर झोपणार होतात ना?" आत्याचा आवाज फुटला.

"झोप आली नाही," ते म्हणाले. आणि मग अपराध्यासारखे हळूच, "सगळ्यांचे श्वास बघत होतो गं. कुणाची छाती हलते, कुणाची नाही. शेगडीवर माझा विश्वास आहे. पण माणसं दुसऱ्यांची आहेत."

आत्या त्यांच्या शेजारी खोक्यावर बसली. अर्धं खोकं तिला, अर्धं त्यांना. तिने काचेसमोर हात धरले. दिनू मेस्त्री चहा ठेवायला वळले, पण त्याआधी त्यांनी कोपऱ्यातला तो तेलाचा डबा उचलला, बाहेर नेला आणि लांब भिरकावून दिला. पत्र्याचा खणखण आवाज करत तो कुठेतरी जाऊन पडला. मी दारात उभी होते, पाठीला वारा आणि तोंडाला ऊब. आतोबांना मी तोपर्यंत मजेशीर माणूस समजत होते. त्या सकाळपासून मी त्यांच्यासमोर जरा सरळ बसायला लागले.

त्यानंतर काही हिवाळे ती शेगडी चालली. तिच्या जोडीला आणखी दोन आल्या, त्या आतोबांनी स्वतः पत्रा वाकवून केल्या. शुक्रवारी शेडमध्ये यंत्र घरघरायचं आणि आवारातले बंगाली, पठाण, सगळे पोती घेऊन यायचे. आतोबा प्रत्येकाची नळी स्वतः जाऊन तपासायचे, साफ नसेल तर कांड्या द्यायचे नाहीत. "पहले नली, बाद में खाना," असा त्यांचा दंडक होता. मग एके वर्षी ऑक्टोबरातच मालकाने केबिन पाडल्या आणि सगळ्या कामगारांना एका पक्क्या इमारतीत खोल्या दिल्या. चांगल्या वायरिंगच्या, हीटर असलेल्या. शेगड्या पुन्हा भंगारात गेल्या. मला वाटलं, आतोबा मोडून पडतील. मी मुद्दाम भेटायला गेले, काय बोलावं ते रस्ताभर जुळवत. ते इस्त्री करत होते, शीळ घालत होते. माझं अर्धंमुर्धं सांत्वन ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, माणसांना घर मिळालं. शेगडीचं काय घेऊन बसलीस?"

आता ते निवृत्त होऊन नाशिकला गेलेत. तिथे बाग आहे, मोठी मुलगी जवळ आहे, आत्याच्या गुडघ्यांना तिथलं पाणी मानवलंय असं ती सांगते. डिसेंबर लागला की आतोबांचा मला फोन येतो. तब्येत वगैरे चटकन उरकतात आणि मग विचारतात, "काय म्हणते तिकडची थंडी?"

पहिल्या वर्षी मी मोबाईलवर बघून आकडा सांगितला. ते रागावले. "आकडा माझ्याही फोनवर दिसतो. बाहेर जाऊन सांग."

तेव्हापासून फोन आला की मी फोन कानाला धरून बाल्कनीचं दार सरकवते आणि बाहेर जाते. खाली फरवानियाचा रस्ता, बसच्या थांब्यावर जॅकेटच्या खिशात हात घालून उभी असलेली माणसं, आणि वाळवंटाकडून येणारा तो वारा. पलीकडे आतोबा वाट बघत असतात. मला लगेच सांगता येईल. पण मी थोडा वेळ तशीच उभी राहते.